‘गाडी येते’ म्हणजे नक्की काय येतं?

(टी. ई. मेकॅनिकल, मु. पो. बुरोंडी, ता. दापोली)

हॉस्टेलच्या कुठल्याही रूममध्ये जा आणि विचारा, “काय रे, गाडी येते का?” उत्तर ठरलेलं असतं. “म्हणजे काय! नववीपासून चालवतोय.” मग विचारा, “शिकवली कुणी?” मोठा भाऊ, मामा, शेजारचा दादा, नाहीतर “आपली आपणच”. तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. साठच्या स्पीडला असताना समोर म्हैस आली, तर तुझी गाडी किती मीटरमध्ये थांबते? हा प्रश्न मी आमच्या विंगमध्ये विचारून पाहिला. सगळे हसले. उत्तर कुणाकडेच नव्हतं.

आत्ता हे लिहायचं कारण म्हणजे यंदा एनएसएसच्या मुलांनी नवशिक्यांसाठी मोटरसायकल सुरक्षा प्रशिक्षणाचं दोन दिवसांचं शिबिर घ्यायचा विषय काढलाय. विषय निघाला त्या रात्री मेसमध्ये काय काय ऐकायला मिळालं! “ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी ठेवा.” “शनिवार-रविवार फुकट जाणार.” “आम्ही काय आता बालवाडीत बसायचं का?” मित्रांनो, माझं मत याच्या बरोबर उलटं आहे. ज्यांना ‘गाडी येते’ त्यांनाच या शिबिराची जास्त गरज आहे. आणि जायचं तर नीट तयारी करून जायला हवं. म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्याकडे गाडी अशी शिकतात

माझं गाव बुरोंडी. दापोलीपासून दहा-बारा किलोमीटर, समुद्राला लागून. परशुरामाचा मोठा पुतळा बघायला पर्यटक येतात ना, तेच. गावात बंदर आहे, मासळी आहे, आंबा-काजू आहे. मोटरसायकल शिकवायचं दुकान मांडून बसलेला माणूस मात्र मी तिथे कधी पाहिला नाही. आमचं ट्रेनिंग सेंटर म्हणजे सडा. जांभ्या दगडाचं मोकळं पठार, मे महिन्याची सुट्टी आणि बाबांची जुनी स्प्लेंडर. मागे दादा बसतो. “क्लच हळू सोड... रेस दे... अरे बंद पाडलीस, मार परत किक!” चार दिवसांत चौथा गिअर पडला की कोर्स संपला. पाचव्या दिवशी आई सांगते, “बाळा, दापोलीला जाऊन तेवढं औषध घेऊन ये रे.”

आता तो दापोलीचा रस्ता बघा. दापोली वर पठारावर, आम्ही खाली समुद्रावर. म्हणजे उतार आणि वळणं आलीच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. श्रावणापर्यंत रस्त्याच्या कडेला शेवाळ धरतं. वळणावर लाल माती आणि बारीक खडी वाहून आलेली असते. मासळीच्या टेम्पोतून पाणी गळत जातं आणि त्यावरून चाक गेलं की घसरलंच. रात्री गुरं रस्त्यावरच बसून रवंथ करत असतात. वळणावर समोरून एसटी आली की अर्ध्याहून जास्त रस्ता तिचा. गणपतीत आणि मे महिन्यात मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात. त्यांच्या ड्रायव्हरना हे रस्ते माहीत नसतात, आणि आम्हाला ते इतके माहीत असतात की आम्ही बघायचंच सोडून देतो.

यातल्या एकाही गोष्टीबद्दल सड्यावर चकार शब्द शिकवलेला नसतो. दादाचा यात दोष नाही. त्यालाही कुणी शिकवलेलं नव्हतं.

आमच्या पंचक्रोशीतला एक मुलगा होता, नाव लिहीत नाही. गाडीवर हात इतका साफ, की आम्ही लहान पोरं बघत उभी राहायचो. मृगाच्या पहिल्या पावसात, उतारावरच्या वळणाला, त्याच्यासमोर बैल आला. त्याने मागचा ब्रेक जीव खाऊन दाबला. चाक लॉक झालं आणि गाडी आडवी होऊन घसरत गेली. हेल्मेट घरी खुंटीला होतं. तो वाचला. पण डिप्लोमाचं शेवटचं वर्ष गेलं, मुंबईत ठरलेली नोकरी गेली आणि एका कानाचं ऐकणं गेलं. लायसन्स होतं त्याच्याकडे. आरटीओच्या कॅम्पात आठ त्याने पहिल्या फटक्यात काढला होता.

आठ काढला, पुढे काय?

आपल्याकडे लर्निंग लायसन्सची परीक्षा म्हणजे कॉम्प्युटरवरची प्रश्नोत्तरं. जून २०२१ पासून महाराष्ट्रात आधार जोडून ती घरबसल्या देता येते. लर्निंग सहा महिने चालतं आणि तीस दिवस झाले की पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. मधले तीस दिवस कायद्याने शिकण्यासाठी दिलेले आहेत. कुणाकडून शिकायचं, ते दुचाकीच्या बाबतीत ज्याचं त्याने बघायचं. चारचाकी शिकायला तालुक्यात मोटर ट्रेनिंग स्कूल असतं. दुचाकीसाठी दादा असतो.

आठ काढायला लावतात ते चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. कमी वेगात तोल, क्लचवर ताबा, नजर वळणाच्या पुढे ठेवणं हे त्यातून कळतं. पण अचानक ब्रेक मारणं, अडथळा चुकवणं, ओल्या रस्त्यावर थांबणं यातलं काहीच आठमध्ये येत नाही. आणि जीव जातो तो नेमका तिथे.

अमेरिकेत प्रा. हॅरी हर्ट यांच्या टीमने लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा प्रत्यक्ष जागेवर जाऊन अभ्यास केला. १९८१ साली त्याचा अहवाल आला. ‘हर्ट रिपोर्ट’ म्हणून तो आजही प्रसिद्ध आहे. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के जण स्वतःच, किंवा घरच्यांकडून आणि मित्रांकडून गाडी शिकलेले होते. म्हणजे आपल्यासारखेच! ऐन वेळी बहुतेकांनी मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त दाबून चाक घसरवलं आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही. आणि संकट दिसल्यापासून धडक बसेपर्यंत हातात वेळ किती होता? दोन सेकंदांहून कमी. दोन सेकंदांत माणूस विचार करत नाही. अंगात जी सवय मुरली असेल तीच बाहेर येते.

म्हणून काही देशांनी सवय लावण्याचं काम दादावर सोडलं नाही. ब्रिटनमध्ये डिसेंबर १९९० पासून नवशिक्याला आधी सक्तीचं प्राथमिक प्रशिक्षण आणि मगच एकट्याने रस्ता. अमेरिकेत १९७३ साली स्थापन झालेल्या मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशनचे नवशिक्यांचे कोर्स मोकळ्या मैदानात चालतात. आपल्या महाराष्ट्रातही अगदीच काही नाही असं नाही. नाशिकला ‘नाशिक फर्स्ट’ या संस्थेचं ट्रॅफिक एज्युकेशन पार्क आहे. २०२१ साली नाशिक पोलिसांनी १५ ऑगस्टपासून ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ मोहीम सुरू केली, आणि नंतर विनाहेल्मेट सापडलेल्यांना या पार्कात दोन तासांच्या समुपदेशनाला बसवलं. पकडल्यावर बसवलं तर ती शिक्षा होते. तेच आपण आपणहून आधी केलं तर शिक्षण होईल.

आकडे एकदाच देतो, कारण आकड्यांनी कुणी सुधारत नाही हे मलाही माहीत आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली जवळजवळ ७५ हजार दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेली ५०,०२९, आणि त्यात १४ हजारांहून जास्त मागे बसलेली. ज्यांनी गाडी चालवलीच नव्हती, अशी ही माणसं.

थोडं गणित करू

आपण इंजिनिअरिंगची पोरं. सबमिशनला असलं गणित दहा वेळा उतरवतो. एकदा स्वतःच्या गाडीवर लावून बघू. दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद धरा. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.७, ओल्यावर ०.४ धरा. ताशी ४० ला एका सेकंदात ११ मीटर नुसतेच जातात. पुढे ब्रेकवर कोरड्यात ९ आणि ओल्यात १६ मीटर. एकूण २० आणि २७. ताशी ६० ला? पहिल्या सेकंदाचे १७, पुढे कोरड्यात २० आणि ओल्यात ३५. एकूण ३७ आणि ५२ मीटर. वेग दीडपट झाला, पण थांबायला जवळजवळ दुप्पट जागा लागली. ५२ मीटर म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या चार एसट्यांपेक्षा जास्त. आमच्या रस्त्यावर एवढं पुढचं दिसेल अशी वळणं शोधावी लागतील.

आणि हा हिशोब दोन्ही ब्रेक नीट वापरले तरचा. नुसत्या मागच्या ब्रेकवर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर दुपटीच्या जवळ जातं. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे सरकतं. पुढचं चाक रस्त्याला घट्ट धरतं, मागचं हलकं होतं. म्हणजे थांबवायची खरी ताकद पुढच्या ब्रेकात. आणि आपल्याला लहानपणापासून काय सांगितलंय? “पुढचा ब्रेक मारू नको, उडशील!” पुढचा ब्रेक झटक्याने, वळणात किंवा खडीवर दाबला तर पडाल, हे खरं. पण सरळ गाडी धरून हळूहळू वाढवत दाबला तर तोच वाचवतो. हळूहळू वाढवत म्हणजे नक्की कसं, ते वाचून येत नाही. मैदानात वीस-पंचवीस वेळा करूनच बोटांना कळतं.

“माझ्या गाडीला एबीएस आहे” म्हणणाऱ्यांसाठी दोन ओळी. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, त्याखालच्यांना निदान सीबीएस. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही. पण तो पहिला एक सेकंद तुमचाच असतो, आणि शेवाळावर घर्षण कुठल्याच कंपनीला वाढवता येत नाही. शिवाय सुट्टीत घरी गेल्यावर हातात येते ती बाबांची जुनी स्प्लेंडर.

तयारी कशी करायची

शिबिराला जायचं म्हणजे गाडीला किक मारून ग्राउंडवर हजर, एवढं सोपं नाही. आठवडाभर आधीपासून थोडं थोडं करा.

कागद. लर्निंग किंवा पक्कं लायसन्स, गाडीचा विमा, पीयूसी. लर्निंग असेल तर पुढेमागे लाल ‘एल’ लावा. लर्निंगवर असताना मागे बसवायचं तर शिकवणाऱ्या लायसन्सवाल्यालाच, मित्राला नाही. ज्यांचे धाकटे भाऊ गावी नववीतच गाडी फिरवतायत त्यांनी घरी एवढं सांगा, की २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हेल्मेट. आयएसआय मार्क आणि आयएस ४१५१ हा नंबर बघून घ्या. रस्त्याकडेला मिळते ती टोपी नको. भुवयांच्या जरा वरून डोक्याभोवती टेप लावून माप घ्या. घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत. हेल्मेट हातांनी हलवलं तर कपाळाची कातडी बरोबर हलली पाहिजे. पट्टा लावून मागून वर ढकललं तरी निघता कामा नये. नवीन असेल तर रूममध्ये अर्धा तास घालून बसा. रूममेट हसतील, हसू देत. कुठे दुखतं ते दुकान बदलून देईल तोवर कळलेलं बरं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट, मग ते दादाचं का असेना, घेऊ नका. आणि पट्टा न लावलेलं हेल्मेट म्हणजे नुसतं ओझं. नीट घातलेल्या हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो.

कपडे. पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड जीन्स, घोटा झाकणारे बूट. लेस आत खोचा, चेनमध्ये जाते. वर्कशॉपचे बूट चालतील. त्यांचा यापेक्षा चांगला उपयोग चार वर्षांत होणार नाही! हातमोजे असतील तर उत्तम. ओढणी, स्कार्फ, सैल रेनकोट बांधून घ्या. स्लिपर घालून येणाऱ्याला ग्राउंडवर घेऊच नये.

अंग. आदल्या रात्री झोप पाहिजे. सबमिशन जागून काढलं असेल तर सरळ सांगा आणि पुढच्या बॅचला या. नाश्ता करून या, पाण्याची बाटली आणा. उन्हात चार तास हेल्मेट घालायचंय. तोलासाठी आधीचे चार दिवस सायकल चालवा, तीसुद्धा हळू. शाळेत ‘स्लो सायकलिंग’ची स्पर्धा असायची, आठवतंय? शेवटी पोचणारा जिंकायचा आणि पाय टेकला की बाद. तीच खेळा. मोटरसायकलवर कमी वेगात जे लागतं त्यातलं अर्धं तिथेच येऊन जातं.

गाडी. इंजिन बंद ठेवून, पार्किंगमध्ये गाडीवर बसा आणि डोळे मिटून एकेक गोष्ट शोधा. क्लच, दोन्ही ब्रेक, हॉर्न, डिपर, इंडिकेटर, इंजिन बंद करायचा स्विच. न बघता बोट तिथे गेलं पाहिजे. मग टायरमधली हवा, चेनचा ढिलेपणा, ब्रेक लाईट, साइड स्टँड. गाडी हाताने ढकलत गोल फिरवून बघा. वजन कुठे जातं ते कळतं.

आणि सगळ्यात अवघड तयारी डोक्याची. तीन दिवस नुसतं स्वतःकडे लक्ष ठेवा. पुढच्या ब्रेकवर माझी बोटं असतात का? उजवा पाय उगाच ब्रेकवर टेकलेला असतो का? वळणात मी खड्ड्याकडे बघतो का वळणाच्या शेवटाकडे? बघाल तिकडे गाडी जाते, हे कुणीही जुना ड्रायव्हर सांगेल. जे सापडेल ते वहीत लिहा आणि ते घेऊन शिबिराला जा. पहिल्या दिवशी ट्रेनर सांगतील, “पहिला गिअर, दहा मीटर जा आणि थांबा.” तेव्हा हसू नका. असल्या कोर्सात वेग फारसा तीसच्या पुढे जात नाही, आणि पाच वर्षं गाडी चालवणाऱ्याला नेमक्या रेषेवर थांबता येत नाही, हे तिथेच उघडं पडतं. नव्या मुलाला फक्त शिकायचं असतं. जुन्याला आधी विसरायचं असतं. म्हणून जुन्याने जास्त तयारी करायची.

मुलींसाठी एक शब्द. आमच्याकडे मे महिन्यात मुलाला सड्यावर नेतात, बहिणीला “तुला कशाला?” म्हणतात. त्यामुळे ‘येत नाही’ म्हणणाऱ्यांत मुली जास्त. लाजायचं काही कारण नाही, उलट चुकीची सवय नाही ही जमेची बाजू. गर्ल्स हॉस्टेलने पहिली बॅच आपली म्हणून मागून घ्यावी. आणि ज्यांना चालवायचीच नाही त्यांनीही यावं. मागे कसं बसायचं, वळणात चालवणाऱ्याबरोबर कसं कलायचं, दोन्ही बाजूंना पाय टाकून का बसायचं, हेही शिकण्यासारखंच आहे.

“पण...” म्हणणाऱ्यांना

“कोकणात कुठे एवढा ट्रॅफिक? दहा किलोमीटर तर जायचं.” दगडाला किलोमीटर कळत नाहीत. उलट ट्रॅफिक नाही म्हणूनच आपण साठ-सत्तरने जातो, आणि काही झालं तर दापोलीचं किंवा पुढे रत्नागिरीचं हॉस्पिटल गाठेपर्यंत वेळ जातो.

“ही सक्ती कशाला? ज्याचा जीव त्याचा निर्णय.” जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले तेव्हाही हाच मुद्दा होता. मान्य, निर्णय ज्याचा त्याचा. पण निर्णय घ्यायला आधी माहिती लागते. आणि जीव एकट्याचा नसतो. हॉस्टेलला फोन करून “पोचलास का रे?” विचारणाऱ्याचाही त्यात वाटा असतो.

“पैसे?” मैदान आपलं, गाड्या आपल्या. ट्रेनर आणि कोन एवढाच खर्च. गॅदरिंगच्या डीजेच्या बिलातून तीन बॅच होतील.

आता कॉलेजकडे मागणं. एक, शिबिर पावसाच्या आधी घ्या. जुलैत पहिल्या वर्षाची मुलं येतील तेव्हा त्यांच्यासाठी एकदा, आणि कोरड्या दिवसांत इतरांसाठी एकदा. दोन, हॉस्टेलच्या पार्किंगचा पास देताना लायसन्सबरोबर या शिबिराची हजेरीही बघा. तीन, ट्रिपला बाइकवरून जायची परवानगी मागणाऱ्या ग्रुपमध्ये प्रत्येकाने ते केलेलं असावं, मागे बसणाऱ्यानेही. चौथी गोष्ट आदरपूर्वक, आपल्या सरांसाठी आणि मॅडमसाठी. सकाळी गेटमधून आत येताना काहींचं हेल्मेट कोपराला किंवा आरशाला असतं. आम्ही बघतो, आणि तेच उचलतो. शिबिराच्या यादीत वर दोन-तीन सरांची नावं असली, तर खाली पन्नास मुलांची आपोआप येतील.

सड्यावर गाडी चालू करायला शिकवणाऱ्या दादाचे उपकार आहेतच. थांबवायला मात्र आता आपलं आपण शिकायचंय, आणि पुढे धाकट्याला शिकवायची पाळी आपलीच आहे. त्याला आपण काय सांगणार? “पुढचा ब्रेक मारू नको” हेच?

नाव द्या. लायसन्स असलं तरी द्या.